दोन क्रेडिट कमी

नाही, पण मला सांगा, ज्या बाईनं चोवीस वर्षं कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये माउस वाटले, माउस मोजले, माउस पुसले, पूर्वी माउसच्या पोटात रबराची गोळी असायची आणि पोरं ती काढून न्यायची, म्हणून रोज संध्याकाळी बासष्ट माउस उताणे करून त्यांची पोटं तपासली, त्या बाईला खिडकीतून विचारायचं की 'तुम्ही माउस धरायला शिकलात, याचा पुरावा काय?'... पुरावा! अहो, काय पुरावा देऊ? मनगटाला पडलेला घट्टा दाखवू? आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

हसू नका हो. तुमचा खेळ होतो आणि माझा जीव जातो.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल बाई आल्या आल्याच फुटल्या. मी कॉलेजात लॅब असिस्टंट. कॉम्प्युटर विभाग, दुसरा मजला, लॅब नंबर दोन. लॅब असिस्टंट म्हणजे कोण, तर सगळं सुरळीत चाललं की ज्याची कुणाला आठवण होत नाही आणि एक मशीन बंद पडलं की ज्याच्या नावानं अख्खा मजला ओरडतो, तो माणूस. 'ताई, नेट गेलं!' 'ताई, स्क्रीन निळी झाली!' 'ताई, माझी फाइल कुणीतरी खाल्ली!' अरे, मी खाल्ली का? सकाळी मेन स्विच मी टाकते, मग बॅटऱ्या, मग सर्व्हर, मग एकेक रांग. केबलला टोकं मी बसवते, मशीनच्या पोटातली धूळ मी काढते, परीक्षेच्या आदल्या दिवशी बासष्ट मशीनवर सॉफ्टवेअर मी चढवते, आणि प्राध्यापक आत येऊन पोरांना म्हणतात, 'हं, आज आपण सगळी तयारी करून ठेवलेली आहे.' आपण! मी म्हटलं, असू दे.

तर पाच वर्षांपूर्वी विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमचे प्रमुख माणूस वाईट नाही, तुम्हाला सांगते, अगदी भला माणूस, पण त्यांनी भलं करायला घेतलं की समोरच्यानं सांभाळून राहावं. म्हणाले, 'ताई, आपले लॅब इन्चार्ज पाच वर्षांनी निवृत्त होतायत. ती जागा तुमचीच. तुमच्याशिवाय या लॅबचं पान हलत नाही. फक्त इन्चार्जला कॉम्प्युटरची पदवी लागते असा नियम आहे. तेवढं एक करून टाका.'

करून टाका! चार वर्षांची पदवी! जसं काही घरी जाता जाता कोपऱ्यावरून मिठाची पुडी घ्यायचीय!

पण खरं सांगू का? माझ्या मनानं घेतलं. पगाराचं नाही हो, थोडा वाढला असता, पण ते नाही. लॅबच्या दारावर इन्चार्जच्या नावाची पितळी पाटी आहे. ती रोज सकाळी मी पुसते. एकोणीस वर्षं दुसऱ्याचं नाव लखलखीत ठेवलं, आता एकदा स्वतःचं पुसावं, एवढंच वाटलं. चुकलं का काही?

घरी सांगितलं. आमचे हे टेलर आहेत, सगळ्या गोष्टी कापडात मोजतात. म्हणाले, 'वय वाढलंय, माप घेऊन बघ आधी, नाहीतर मध्येच उसवायचं.' सासूबाईंनी मात्र चष्मा वर केला आणि म्हणाल्या, 'शिक, शिक. मी थांबते तोवर.' कशासाठी थांबते, ते मी विचारलं नाही.

घेतली ॲडमिशन. कर्मचाऱ्यांना आपल्याच कॉलेजात शिकता येतं, तशी सोय आहे. आणि तिथंच, पहिल्याच आठवड्यात, माझ्या कपाळी ते आलं. पहिल्या वर्षाला एक कोर्स असतो, 'संगणक परिचय, प्रात्यक्षिक'. दोन क्रेडिट. क्रेडिट म्हणजे काय, माहितीय ना? एकेका कोर्सची वजनं असतात, त्या सगळ्या वजनांची बेरीज एकशे साठ झाली की तुम्ही पदवीधर. एकशे एकोणसाठ झाली तर तुम्ही कुणीच नाही. तर या परिचयात काय शिकवतात? की हा मॉनिटर, हा कीबोर्ड, हा माउस, याला डावं बटण, याला उजवं बटण. आणि हे प्रात्यक्षिक होतं कुठं? लॅब नंबर दोनमध्ये. घेतं कोण? बाई शिकवतात, पण पोरांच्या मागं फिरून बोटं धरून घेते कोण? मी! तर प्रमुख हसले, म्हणाले, 'ताई, तुम्ही काय परिचय करून घेणार? कॉम्प्युटरनंच तुमचा परिचय करून घ्यावा! तुम्हाला या कोर्समधून सूट.' आणि लिहिलं कागदावर, मारला शिक्का. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! घरी पेढे... पेढे नाही, पण चहात साखर जास्त घातली त्या दिवशी.

मग बाकीची चार वर्षं. ती काय सांगू तुम्हाला! मला वाटलं होतं, कॉम्प्युटरची पदवी म्हणजे कॉम्प्युटर शिकवत असतील. छे! गणितंच चार. पहिलं गणित, दुसरं गणित, तिसरं गणित आणि चौथ्याला काहीतरी वेगळं नाव, पण आत गणितच. त्यात सर म्हणायचे, 'सिद्ध करा की हे कधीच संपत नाही.' मी म्हटलं, सर, मला पटलंय, सिद्ध कशाला करायचं? मग संभाषणकौशल्य. मी, आणि संभाषणकौशल्य! तिथं गप्प बसले म्हणून मार्क कापले आणि बोलायला लागले तर वेळ संपली म्हणून कापले. मग नियम असा की आठ क्रेडिट दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायची, आपापल्या आवडीनं. आवडीनं म्हणजे सकाळी दहाला यादी उघडते आणि दहा वाजून चार मिनिटांनी आवड संपते. संगीत भरलं, मानसशास्त्र भरलं, छायाचित्रण भरलं. आणि दहा वाजता मी कुठं होते? लॅबमध्ये, बाकीच्या पोरांना ती यादी उघडून देत होते! उरलं काय, तर मृदाशास्त्र. माती! सहा महिने मी बरणीत माती घेऊन हलवत बसले, की वाळू खाली बसते आणि चिकणमाती वर तरंगते. कॉम्प्युटरच्या पदवीला. सासूबाई विचारायच्या, 'आज काय शिकलीस?' मी म्हणायचे, 'चिखल.' त्या म्हणायच्या, 'चांगलं आहे, पाया पक्का होतोय.'

पण केलं! सगळं केलं. डब्याला कुकर लावून शिट्ट्यांच्या मधे पाठ केलं. कंपायलर पास झाले, ऑपरेटिंग सिस्टिम पास झाले, तिसरं गणित दुसऱ्या खेपेला पास झाले, चिखलात तर मी वर्गात पहिली. शेवटचं सत्र संपलं, आणि पदवीचा अर्ज घेऊन गेले खिडकीवर.

आता ही खिडकी म्हणजे काय प्रकरण आहे, सांगते. परीक्षा विभागाची खिडकी. आत भाऊसाहेब बसतात. या माणसाला कॉलेजात पंचवीस वर्षं झाली, पण त्यांचे डोळे कुणी पाहिलेले नाहीत. मान खाली. समोर नियमांचं पुस्तक, ठिकठिकाणी दोरे घातलेले. आवाज एकदम थंड, ना चढ ना उतार. म्हणाले, 'एकशे अठ्ठावन्न.'

मी म्हटलं, काय एकशे अठ्ठावन्न?

'क्रेडिट. दोन कमी. संगणक परिचय केलेला नाही.'

'अहो भाऊसाहेब, त्यातनं मला सूट आहे. हा शिक्का!'

'सूट आहे ना. ती बसण्यातून. म्हणजे तुम्ही बसला नाहीत तरी चालेल. पण बसला नाहीत, तर क्रेडिट कशाचं द्यायचं?'

मी म्हटलं, म्हणजे? मला खरंच कळेना हो. तर त्यांनी मान खालीच ठेवून मला समजावलं, 'हे बघा. तुम्हाला कुणी म्हटलं, आज जेवायला नाही आलात तरी चालेल. ठीक. तुम्ही नाही आलात. त्यावर कुणी रागावलं नाही. पण म्हणून तुमचं पोट भरलं, असं मी कसं लिहू?'

अहो, मी तिथं खिडकीच्या गजांना धरून उभी! मी म्हटलं, भाऊसाहेब, ज्याला चालता येतं म्हणून तुम्ही पाळण्यातून काढलंत, त्याला आता 'तू रांगलाच नाहीस' म्हणून घराबाहेर उभं करताय? मी या कोर्सच्या वरचं सगळं पास झाले, त्याचं काय? तर म्हणाले, 'ते वरचं झालं. हे खालचं आहे.' आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

गेले प्रमुखांकडे. प्रमुख एकदम हळहळले. 'अरेरे, ताई, हे माझ्या लक्षातच आलं नाही.' मी म्हटलं, सर, शिक्का तुमचा. 'हो, शिक्का माझा, पण पुस्तक त्यांचं.' बस्स! मग म्हणाले, 'जाऊ दे, सहा महिन्यांचा तर प्रश्न. इन्चार्ज निवृत्त व्हायच्या आत होऊन जाईल. बसून टाका.' 'करून टाका'नंतर आता 'बसून टाका'!

बसते म्हटलं. तर ते बसणंही सरळ नाही. प्रात्यक्षिक मंगळवारी आणि गुरुवारी, अकरा ते एक. त्याच वेळी त्याच लॅबमध्ये माझी ड्यूटी. मी म्हटलं, बरंच झालं, आहे तिथंच आहे मी. भाऊसाहेब म्हणाले, 'एका माणसाची एका वेळी एकच हजेरी. ड्यूटीवर असाल तर वर्गात गैरहजर. वर्गात असाल तर ड्यूटीवर गैरहजर.' म्हणजे मी त्याच खोलीत, त्याच खुर्चीशेजारी असून नसणार! उपाय? अर्ध्या दिवसाची रजा. चोवीस प्रात्यक्षिकं, पैकी अठरा हवीतच, म्हणजे अठरा अर्ध्या रजा. स्वतःच्या लॅबमध्ये जायला! लोक रजा काढून गावाला जातात, माहेरी जातात. मी रजा काढून जिन्यानं खाली जायचे आणि त्याच जिन्यानं वर यायचे, कारण रजेवरचा माणूस बाहेरून आत आला पाहिजे.

आणि माझ्या जागी कोण? इन्चार्ज तर निवृत्तीआधीच्या शिल्लक रजेवर घरी. मग दिले ग्रंथालयातले दादा. बिचारे देवमाणूस, तीस वर्षं पुस्तकं लावण्यात गेली, कॉम्प्युटरकडे ते चपला काढून बघतात.

पहिला दिवस. मी वही घेऊन पहिल्या वर्षाच्या पोरांत बसले. साठ पोरं, अठरा-अठरा वर्षांची, आणि मधे मी. शिकवायला कोण? जी पोर आठ वर्षांपूर्वी याच लॅबमध्ये मला विचारायची, 'ताई, मोठं अक्षर कसं काढायचं?', ती! आता प्राध्यापिका. हजेरी घेताना माझा नंबर आला तशी लाजली, हळूच म्हणाली, 'ताई... हजर?' मी म्हटलं, हजर मॅडम. दोघींना कुठं बघावं कळेना.

आणि तेवढ्यात बॅटऱ्या ओरडायला लागल्या! टीं टीं टीं टीं... लाइट गेले होते, मागच्या बाजूचा एक स्विच फिरवला की गप्प होतात, दोन सेकंदांचं काम. दादा घामाघूम, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मॅडम म्हणाल्या, 'अहो, लॅब असिस्टंट कुठं आहेत?' आणि जीभ चावली. सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय. दादा माझ्याजवळ येऊन कानात, 'ताई, ते कुठं दाबायचं हो?' आता तुम्ही सांगा, तुमचं पोर रडतंय आणि तुम्ही मांडी घालून बघत बसाल? उठले. फिरवला स्विच. गप्प झालं सगळं. बसले परत.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांचं बोलावणं. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे, भिंतीला कान असतात तसे त्या पुस्तकाला असावेत. म्हणाले, 'काल रजेवर असताना काम केलंत.'

मी म्हटलं, एक स्विच फिरवला हो!

'काम केलंत, म्हणजे रजा रद्द. रजा रद्द, म्हणजे तुम्ही ड्यूटीवर. ड्यूटीवर, म्हणजे वर्गात गैरहजर. कालची हजेरी काढली.'

काढली! खोडली लाल पेनानं! चांगलं करायला जावं आणि पदरात हे! त्या दिवसापासून मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायचे. नेट जायचं, मी बघायचे. प्रोजेक्टर उलटा दिसायचा, मी मान उलटी करून बघायचे. एकदा तर एका मशीनमधून जळका वास यायला लागला, अख्खा वर्ग ओरडतोय, दादा पळतायत, आणि मी, जिला शंभर फुटांवरून सांगता येतं की कुठली वायर तापलीय, ती मी वहीत लिहितेय, 'माउस हे निर्देश करण्याचे साधन आहे.' माझ्या जिवाची काय तगमग झाली असेल, विचार करा!

शेजारी एक मुलगी बसायची, दोन वेण्या घातलेली, फार प्रेमळ. तिला वाटलं, काकू आयुष्यात पहिल्यांदाच कॉम्प्युटर बघतायत. माझा हात धरून म्हणायची, 'काकू, घाबरायचं नाही हं. दोनदा दाबायचं, पटकन. टक टक. जमतंय की!' कंपायलर पास झालेली बाई मी! पण तिच्या चेहऱ्याकडे बघून सांगवेना. मी म्हटलं, हो गं बाई, जमतंय. घरी सांगितलं तर आमच्या ह्यांना शिलाई मशीनवर हसू आवरेना, सुई तुटली. सासूबाई तेवढ्या गंभीर. म्हणाल्या, 'परीक्षा कसली म्हणालीस?' मी म्हटलं, माउस धरायची. 'मग इतकी वर्षं तू तिथं काय धरत होतीस?'

आणि जर्नल! कीबोर्डचं चित्र काढायचं, एकशे चार बटणं, पट्टीनं, शिसपेन्सिलीनं. एक बटण कमी पडलं म्हणून परत. समास उजवीकडे आला म्हणून परत. आणि प्रत्येक पानाखाली सही कुणाची लागते? 'प्रयोगशाळा सहायक'! माझीच! भाऊसाहेब म्हणाले, स्वतःच्या जर्नलवर स्वतःची सही चालत नाही. दादांना म्हटलं, तुम्ही करा. दादा दोन पावलं मागं सरकले, 'ताई, मी पुस्तकावर सही करतो ती पुस्तक परत आलं म्हणून. हा कीबोर्ड खरा आहे का खोटा, मला काय माहीत?' पंधरा दिवस घोडं तिथंच पेंड खात राहिलं. शेवटी प्रमुखांनी दादांच्या नावे पत्र काढलं, की सदर कीबोर्ड खरा मानण्यात यावा. तेव्हा कुठं दादांनी सह्या केल्या, एकेक पान डोळ्यांसमोर धरून, श्वास रोखून.

अठरा हजेऱ्या भरल्या. बरोब्बर अठरा, एक कमी नाही, एक जास्त नाही. अंगात ताप असताना भरल्या, नणंदेच्या घरच्या बारशाला न जाता भरल्या, ती अजून बोलत नाही. कारण तिकडे जागा भरायची जाहिरात लागली होती. मुलाखतीची तारीख आली होती. आता परीक्षेत नापास झाले असते, तर पुढची परीक्षा सहा महिन्यांनी, आणि तोवर त्या दारावर दुसऱ्याच कुणाची पाटी. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागून उजळणी केली मी. माउसच्या परीक्षेला!

परीक्षेचा दिवस. बाहेरून परीक्षक आलेले, सूट-बूट, भुवया वर. मशीन चिठ्ठी टाकून मिळतं. मी चिठ्ठी उचलली. तेवीस नंबर.

तुम्हाला तेवीस नंबर माहीत नाही, म्हणून तुम्ही असे शांत बसलाय. तेवीस नंबर म्हणजे दहा मिनिटं चालतं, मग आतली एक पिन सुटते आणि मटकन बंद. डाव्या कुशीवर, वरून चार बोटं सोडून, तळहातानं एक थाप मारायची, की उठतं. ही थाप जगात फक्त मला येते. मी त्याची तक्रार तीनदा लिहिलेली. तिन्ही वेळा उत्तर आलं, 'इन्चार्जची सही हवी.' इन्चार्ज रजेवर!

बसले. देवाचं नाव घेतलं. आठ मिनिटं, नऊ मिनिटं, फाइल बनवली, नाव दिलं, आता फक्त जतन करायची... आणि मटकन अंधार! माझा हात आपोआप डाव्या कुशीकडे निघाला, तर परीक्षक गरजले, 'अहो! परीक्षार्थीनं यंत्राला हात लावायचा नाही! लॅब असिस्टंटला बोलवा!'

मी इथंच आहे हो! असं ओरडावंसं वाटलं, पण परीक्षेत बोललं की कॉपी. दादा आले. मशीनकडे बघतात, माझ्याकडे बघतात. मी बोलू शकत नाही, हात हलवू शकत नाही, वेळ चाललाय. मग मी काय केलं, नुसती त्या डाव्या कुशीकडे टक लावून बघत राहिले. डोळे फाडून! दादा इतकी वर्षं माझ्याबरोबर चहा प्यायलेत. त्यांनी माझ्या नजरेचा माग काढला, हात उचलला, खाली आणला, माझे डोळे अजून खाली, आणखी खाली, हं... आणि दिली एक थाप! मशीन उठलं. दादांच्या डोळ्यांत पाणी. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी दुरुस्त केलं होतं.

मग तोंडी. परीक्षक म्हणाले, 'संगणकाचे मुख्य भाग किती?' मी सुरू झाले. वीजपुरवठा, त्याचा पंखा, पंख्याची जाळी, मदरबोर्ड, त्यावरचा छोटा सेल... एकोणिसाव्या भागावर त्यांनी हात वर केला. 'चार. पुस्तकात चार आहेत.' बरं, चार. 'संगणक बंद कसा करावा?' आता मी रोज बासष्ट मशीन बंद करते हो, माझ्या तोंडून जे खरं ते निघालं. मी म्हटलं, आधी पोरांना हाकलावं. झालं! ते उत्तर पुस्तकात नव्हतं.

पन्नासपैकी वीसला पास. मला एकवीस. वेण्यावाल्या पोरीला अठ्ठेचाळीस. ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, 'काकू, वाईट वाटून घेऊ नका, सवयीनं येईल.' आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा! पण एकशे साठ झाले. पदवी हातात पडली. सासूबाईंनी ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, 'थांबले ते बरं झालं.' तेव्हा मात्र मला रडू आलं. खोटं कशाला बोलू.

अकरा दिवसांनी मुलाखत. टेबलापलीकडे प्रमुख, एक बाहेरचे तज्ज्ञ, आणि कागद बघायला भाऊसाहेब. कागद एकेक करून सरकले. पदवी, आहे. एकशे साठ, आहेत. प्रमुख माझ्याकडे बघून हसतायत, मी मनात पाटीवरची अक्षरं मोजतेय. आणि भाऊसाहेब त्याच थंड आवाजात म्हणाले, 'अनुभव. तीन वर्षं हवा.'

मला हसूच आलं. मी म्हटलं, एकोणीस... आता चोवीस वर्षं झाली हो, पदवीची पाच धरून!

'पदवीनंतरचा हवा. पदवीच्या आधीचा धरता येत नाही.' पान उलटलं. 'पदवीनंतर तुमचा अनुभव, अकरा दिवस.'

अकरा दिवस! चोवीस वर्षं गेली कुठं हो? मग इतके दिवस त्या लॅबमध्ये मी काय, हवा खायला जात होते? बाहेरचे तज्ज्ञ खिडकीबाहेर बघायला लागले. जागा रिकामी राहील, कारभार तोवर मीच बघायचा, पद मात्र मिळणार नाही, एवढं त्यांच्या चेहऱ्यावर मला वाचता येत होतं. आणि तेवढ्यात आमचे प्रमुख, ते भले गृहस्थ, खुर्चीतून अर्धे उठले, चेहरा उजळलेला, पेनाचं टोपण काढलेलं, आणि म्हणाले, 'ताई, तुम्ही अजिबात काळजी करू नका! खास बाब म्हणून, या अनुभवाच्या अटीतून मी तुम्हाला सूट देतो!'

मी टेबलावरून वाकून दोन्ही हातांनी त्यांचं पेन धरलं, तुम्हाला सांगते, आणि म्हटलं, सर, तुमच्या पाया पडते, नको. मी थांबते तीन वर्षं. अकरा दिवस तर झालेच आहेत की!